नव्या गिटारीच्या वयाचा दाखला

मुलुंड पूर्वेच्या चंद्रप्रकाश घाडीने आयुष्यात बायकोला न विचारता दोनच गोष्टी केल्या. एकदा मिशी काढली, आणि ती पुन्हा वाढवावी लागली. दुसऱ्यांदा त्याने गिटार घेतली. ही गोष्ट गिटारीची आहे. (मिशीच्या प्रकरणाचे फोटो उपलब्ध नाहीत. बायकोने, म्हणजे शेवंतीने, ते फाडले.)

चंद्रप्रकाश घाटकोपरला एका विमा कंपनीत हेडक्लार्क होता. वय बावन्न, डोक्यावर टक्कल. कॉलेजात असताना त्याच्याकडे एक गिटार होती आणि तिच्यावर तो तीन गाणी वाजवायचा, असं तो सांगतो. खरं म्हणजे एकच गाणं तो तीन वेगवेगळ्या चालींत चुकायचा. लग्नानंतर ती गिटार माळ्यावर पितळी घंगाळाशेजारी गेली आणि तिचा विषय संपला. पण माणसाच्या मनालाही एक माळा असतो. पन्नाशी उलटली की तिथली धूळ झटकावीशी वाटते, आणि नेमके तेव्हाच हातात पैसे येतात.

पैसे म्हणजे पगारवाढीचे एरिअर्स. घाड्यांच्या घरात एरिअर्स कसे खर्चायचे हे चार वर्षांपूर्वीच ठरलं होतं. स्वयंपाकघराचा ओटा नवा करायचा होता. ओट्याच्या कडप्प्याला मधोमध चीर गेली होती, तिच्यातून पाणी खालच्या डब्यांत झिरपायचं, आणि शेवंतीचा दिवस चहाने नव्हे तर त्या चिरेखालचं फडकं पिळण्याने सुरू व्हायचा. ती दर महिन्याला विचारायची, "आले का हो एरिअर्स?" आणि तो म्हणायचा, "फाइल पुढे सरकलीये."

तर एका शनिवारी, श्रावण संपत आलेला असताना, एरिअर्स आले. त्याच दिवशी ऑफिसच्या कामासाठी चंद्रप्रकाश जुहूला गेला. काम अर्ध्या तासात उरकलं. समोर गिटारींचं दुकान होतं. "नुसतं बघून येऊ," असं त्याने ठरवलं. मराठी माणसाची निम्मी वाट या तीन शब्दांनी लागली आहे.

दुकान कसलं, फ्रीजच होता तो. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये भिंतीवर फक्त सहा गिटारी. शौनक नावाचा एक दाढीवाला तरुण पुढे आला. त्याच्या अंगावर सुताराचा चामडी एप्रन होता आणि त्यावर भुशाचा कणही नव्हता. मधल्या गिटारीकडे बघून चंद्रप्रकाश हरखला. जुनाट, मधाळ रंग, जागोजाग ओरखडे, पॉलिशला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा.

"किती जुनी आहे ही?"

"एकोणीसशे अडतीसची, सर."

"कधी आली तुमच्याकडे?"

"गेल्या गुरुवारी. फॅक्टरीतून."

चंद्रप्रकाशला वाटलं, एसीमुळे आपल्या डोक्यात काहीतरी गोठलं असावं. मग शौनकने समजावलं. गिटार कोरी करकरीत होती, पण तिचं लाकूड भट्टीत भाजलं होतं, त्यामुळे ते शंभर वर्षं मुरल्यासारखं घुमायचं. जोड जुन्या पद्धतीच्या सरसाने चिकटवले होते, जनावराच्या चामड्याच्या. ओरखडे एक कारागीर नकाशा समोर ठेवून हाताने काढायचा. खुंट्यांना मुद्दाम काळपट गंज चढवला होता. कोपर टेकतो तिथली कड तासून उतरती केली होती. मान आत एका चावीवर तरंगती ठेवली होती, म्हणजे हवी तशी वरखाली करता यायची. आणि वरच्या कुशीत, वाजवणाऱ्याच्या कानाच्या दिशेने, लिंबाएवढं एक भोक होतं.

"हे कशाला?"

"ही वादकाची खिडकी, सर. इतकी वर्षं गिटार फक्त समोरच्याला ऐकू जायची. वाजवणाऱ्याचा कोणी विचारच केला नव्हता."

बावन्न वर्षांत आपला विचार करणारी ही पहिलीच वस्तू भेटली, असं चंद्रप्रकाशला वाटलं. त्याने ती मांडीवर घेतली आणि एक सूर छेडला. तो सूर त्या खिडकीतून थेट त्याच्या कानात आला, आणि खरं सांगायचं तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. क्षणभर त्याला केस होते.

तरी क्लार्क तो क्लार्क. त्याने फोनमधला माळ्यावरच्या गिटारीचा फोटो दाखवला. "ही एक्स्चेंजमध्ये घ्याल का? तीस वर्षं जुनी आहे. ओरखडे पण आहेत."

शौनकने फोटो मोठा करून बघितला आणि फोन हळुवारपणे परत दिला. "सर, ही खरंच जुनी आहे. खरं जुनं आम्ही घेत नाही. माळ्यावर ठेवा. कोरडी जागा बघून."

किमतीचा आकडा इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की तेवढ्यात ओटा, ओट्यावरच्या टाइल्स आणि चिमणी होऊन वर सत्यनारायणही झाला असता. चंद्रप्रकाशने सही केली. बिलासोबत शौनकने एक जाड, पिवळट कागद दिला. तो वयाचा दाखला होता.

आता घरी काय सांगायचं? इथे चंद्रप्रकाशच्या बुद्धीला जी पालवी फुटली तिचं त्याला स्वतःलाच कौतुक वाटलं. वस्तू नवी आहे, पण दिसते भंगार. मग भंगारच सांगायची! मखमली पेटी त्याने दुकानातच ठेवली, बिल आणि दाखला ऑफिसच्या बॅगेत डब्याखाली सरकवले आणि गिटार एका जुन्या चादरीत गुंडाळून मुलुंडला आणली.

"हे काय?" शेवंतीने दारातच विचारलं.

"गिटार. आमच्या ऑफिसातल्या सर्वेशचा मेव्हणा मढला शूटिंगच्या बंगल्यांना सामान पुरवतो ना, त्याच्या अडगळीत पडली होती. म्हणाला, घेऊन जा."

"फुकट?"

"फुकट."

शेवंतीने ती वांगं निवडावं तशी सगळीकडून फिरवून बघितली. "अगो बाई, उंदराने भोक पाडलंय की हो!"

"मढला उंदीर फार," चंद्रप्रकाश म्हणाला.

"आणि कड पण झिजलीये."

"घासली असेल कुठेतरी."

"आणि हा वास कसला? देवनारच्या कत्तलखान्यावरून गाडी गेल्यासारखा?"

चंद्रप्रकाशने खिडकी उघडली. (फ्लॅटची. गिटारीची उघडीच होती.)

त्या आठवड्यात तो माणूस सुखी होता. रोज ऑफिसातून आला की गॅलरीत बसून तो ते एकच गाणं वाजवायचा आणि वादकाच्या खिडकीतून ते त्याला ऐकू यायचं. आत शेवंती फडकं पिळायची. तिने एकदा विचारलं, "एरिअर्सचं काय झालं हो?" आणि तो म्हणाला, "फाइल वर गेलीये." फडकं पिळल्याचा आवाज त्याला त्या दिवशी जरा जास्तच ऐकू आला. पण शेजारच्या कुकरची शिट्टी झाली आणि तो विसरला.

आता कोकणातल्या माणसाच्या घरी गणपती येणार म्हणजे काय असतं ते सांगायला नको. मुंबईत टाचेएवढी जागा असली तरी चतुर्थीच्या आत घरातली प्रत्येक मोडकी वस्तू एकतर दुरुस्त होते नाहीतर बाहेर जाते. मोडकं घेऊन देवासमोर बसायचं नाही, असा दंडकच आहे. या कामासाठी घाड्यांकडे दरवर्षी भांडुपहून लवू मिस्त्री यायचा. कणकवलीकडचा, पासष्टीचा, एकेकाळी गिरणीच्या सुतारखात्यात होता. गिरणी बंद पडली तेव्हा सगळ्यांनी हिशेब नेला. लवूने हिशेबासोबत एक जुना दरवाजाही नेला होता आणि त्याचं लाकूड तो केशरासारखं पुरवून पुरवून वापरायचा.

पुढच्या मंगळवारी चंद्रप्रकाश ऑफिसातून घरी आला. चौरंगाला नवं पॉलिश लागलं होतं, मखराची पट्टी बसली होती, आणि हॉलच्या मधोमध वर्तमानपत्रावर लखलखीत, गुळगुळीत, पिवळीधम्मक अशी एक गिटार होती. चंद्रप्रकाशला आधी वाटलं, ही कोणाची?

"डोळे मिटायला सांगणार होते, पण तुम्ही आधीच आलात," शेवंती लाजून म्हणाली. "तुम्ही स्वतःसाठी कधी काही आणत नाही. पहिल्यांदा आणलंत ते पण असं फुटकं. मला वाईट वाटलं हो. म्हणून लवूभाऊंना म्हटलं, हिला नीट करा."

"ओरखडे सगळे घालवलंय," लवू म्हणाला. "तीन हात पॉलिश मारलंय. खुंट्ये चिंचेन घासलंय, बघा कसे चमकतत. कड कोणीतरी मेल्यान तासून वाट लावल्यान होती, थंय सागवानाची पट्टी बसवलंय. आणि तां भोक! तां असा बुजवलंय की उंदराचो बापूस इलो तरी गावाचा नाय."

चंद्रप्रकाशने वादकाच्या खिडकीवर हात फिरवला. खिडकी नव्हती. तिथे गुळगुळीत लाकूड होतं, आणि जोड बोटाला लागतही नव्हता.

"आता एकच काम ऱ्हवला," लवूने ड्रिल उचललं. "मान हलता हिची. अडीच इंची स्क्रू मारतंय. जल्मात हलूची नाय."

ड्रिलचं टोक मानेला टेकणार एवढ्यात चंद्रप्रकाशच्या तोंडून किंकाळी फुटली.

"थांब! नवीन आहे ती!"

ड्रिल थांबलं. मग लवू हसला. "दादानू, माका शिकवू नकात. चाळीस वर्सां लाकडात गेली माझी. ह्यां लाकूड ऐंशी-नव्वद वर्सांचा असा."

"भाजलंय ते! भट्टीत!"

"लाकूड कोण भाजतलो? तां काय कणीस असा?"

"अहो, तुमची तब्येत बरी आहे ना?" शेवंतीने त्याच्या कपाळाला हात लावला. "भोक कोणी नव्या वस्तूला पाडतं का? तुम्हीच म्हणालात, उंदराने पाडलं."

"ते मी खोटं बोललो!"

"उंदराबद्दल कोण खोटं बोलतं?"

चंद्रप्रकाशच्या लक्षात आलं की त्याचं खोटं फारच चांगलं जमलं होतं. खरं सांगून माणूस सुटतो असं लहानपणी शाळेत शिकवलं होतं. त्याने खरं सांगितलं होतं, आणि ड्रिल पुन्हा फिरायला लागलं होतं. मान वाचवायची असेल (गिटारीची, स्वतःची आता वाचत नव्हती) तर पुरावा हवा. त्याने बॅगेत हात घातला, डब्याखालचा कागद ओढला आणि शेवंतीच्या हातात दिला.

शेवंतीने चष्मा लावला. "'प्रमाणित करण्यात येते की सदर वाद्याचे वय इसवी सन एकोणीसशे अडतीस...' अहो, मग? हेच तर लवूभाऊ म्हणतायत!"

"बघा," लवू म्हणाला. "दाखलोच असा."

घाईत वयाचा दाखला हाती आला होता. आता एकच कागद उरला होता. चंद्रप्रकाशने तो काढला आणि देवघराकडे बघत पुढे केला. शेवंतीने बिल वाचलं. आकडा वाचला. मग तारीख वाचली. तारखेवर ती थांबली.

"म्हणजे एरिअर्स आले," ती हळूच म्हणाली.

स्वयंपाकघरातून चिरेखालच्या डब्यात पाणी ठिबकल्याचा आवाज आला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं चंद्रप्रकाशला वाटलं. तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा घातला. त्याला इतकं लाजिरवाणं तर मिशी काढल्यावरही वाटलं नव्हतं.

मग मात्र तिचा चेहरा बदलला. "आणि एवढे पैसे घेऊन त्यांनी तुम्हाला ही फुटकी, भोक पडलेली, ऐंशी वर्षांची जुनी गिटार दिली? नवीन म्हणून?"

"नाही गं, ते तसं नाही..."

"गप्प बसा. भोळा माणूस बघून गळ्यात मारली. लवूभाऊ, ड्रिल ठेवा, चपला घाला. तुमचं मी नंतर बघते," हे शेवटचं नवऱ्याला होतं. घाड्यांच्या घरात शिस्तच आहे, आधी बाहेरच्याशी भांडायचं आणि मग घरातल्याशी.

पवईमार्गे रिक्षाने तिघं जुहूला पोचली. मध्ये चादरीत गिटार, एका बाजूला शेवंती, दुसऱ्या बाजूला तज्ज्ञ साक्षीदार म्हणून लवू हत्यारांच्या पिशवीसह, आणि कोपऱ्यात चिमटून चंद्रप्रकाश. दुकानाच्या गारठ्यात शेवंतीने पाऊल टाकलं आणि काउंटरवर चादर सोडली.

"ही तुम्ही विकलीत?"

शौनकने पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकला. "ओ माय... मॅडम, ओरखडे कुठे गेले?"

"म्हणजे होते! कबूल केलं बघा. भोक पण होतं."

"ती खिडकी होती!"

"खिडकीला गज लागतात. आणि मान हलत होती."

"ती तरंगती होती, मॅडम! नवं डिझाइन आहे ते!"

"माझा ओटा चार वर्षं तडकलेला आहे. त्याला मी डिझाइन म्हणते का?"

शौनकने भिंगाचा चष्मा डोळ्याला लावला आणि गिटार उचलून कुशीकडे बघितलं. एकदा बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. नखाने जोड शोधला. मग त्याचा आवाज खाली आला. "हे बुजवलं कोणी?"

"मी," लवू म्हणाला. "कित्याक?"

"लाकडाची शीर कशी जुळवलीत? पत्ताच लागत नाही. लाकूड कुठलं?"

"गिरणीच्या दरवाजाचा. शंभर वर्सांचा सागवान असा. भाजूक नाय कोणी," त्याने चंद्रप्रकाशकडे बघितलं, "आपणच मुरला."

शौनकने तारांवरून बोट फिरवलं. सूर घुमला. पूर्वीपेक्षा खोल आणि दमदार होता तो. (हे चंद्रप्रकाशलाही ऐकू आलं, तेही खिडकीशिवाय.) शौनक आत गेला आणि कोणाशी तरी फोनवर बराच वेळ इंग्रजीत बोलला. त्यात 'मिल' आणि 'हेरिटेज' हे शब्द सारखे येत होते. बाहेर आला तेव्हा त्याने लवूला बसायला खुर्ची दिली. चंद्रप्रकाशला खरेदीच्या दिवशीही खुर्ची मिळाली नव्हती.

"मॅडम, ही आम्ही परत घेतो. पूर्ण किमतीला. मुंबईच्या गिरणीचं लाकूड, गिरणीच्या कारागिराच्या हातचं. अशी सबंध जगात दुसरी नसेल. आणि मिस्त्रीकाका, तुम्ही आठवड्यातून दोन दिवस इथे याल? नव्या गिटारींवर ओरखडे काढायला पण माणूस हवाय."

"ओरखडे मारूक माझो हात वळूचो नाय," लवू ताठ बसून म्हणाला. "भोकां बुजवूची असतीत तर येतंय."

"आधी आम्ही भोक पाडू, मग तुम्ही बुजवा," शौनक म्हणाला. लवूने थोडा विचार केला आणि मान हलवली. गिरणीतही साहेब लोक काही फार वेगळं करत नसत.

चंद्रप्रकाशने घसा साफ केला. "पण शौनक, तुम्ही तर म्हणाला होता, खरं जुनं घेत नाही."

"नव्यावर बसवलंय ना, सर. नव्यावर जुनं चालतं. नुसतं जुनं नाही चालत."

शौनकने कागद पुढे केला. चंद्रप्रकाशने एकदा गिटारीकडे पाहिलं. त्या सुरातला एकवीस वर्षांचा पोरगा कुठेतरी आत बसलेला होता आणि लवूने त्याच्यावर सागवान ठोकलं होतं. "मला ती जरा..." त्याने सुरुवात केली.

"काय?" शेवंती म्हणाली.

"काही नाही." त्याने सही केली. पैसे जमा झाल्याचा मेसेज त्याच्या फोनवर आला आणि शेवंतीने फोन त्याच्या हातातून घेऊन तो स्वतः वाचला. तिथल्या तिथे तिने ओटावाल्याला फोन लावला, आणि गणपतीच्या आत म्हणजे आतच, असं बजावलं. फोन ठेवून ती वळली तेव्हा चंद्रप्रकाशला कळलं की 'नंतर बघते' मधलं ते 'नंतर' आता आलेलं आहे.

तिने त्याला दंडाला धरून काउंटरपुढे उभं केलं, आणि चादर झटकून घडी करत शौनकला म्हटलं, "हे पण घेऊन टाका. बावन्न वर्षांचे आहेत. ओरखडे आहेत, पॉलिश गेलंय, आणि मान मी म्हणेन तशी हलते."

शौनकने भिंगाचा चष्मा पुन्हा लावला. त्याने चंद्रप्रकाशला वरपासून खालपर्यंत अगदी धंद्याच्या नजरेने न्याहाळलं, आणि खेदाने मान हलवली.

"सॉरी मॅडम. हे खरंच जुने आहेत. माळ्यावर ठेवा. कोरडी जागा बघून."